नाकातली काडी

नवसाची नथ मी देवीकडून परत आणली होती. हे वाचून कुणाला राग आला तर येऊ दे, पण सांगायचं तर इथूनच सांगावं लागेल. पहिल्या वेळी दिवस राहिले तेव्हा मी आमच्या वस्तीतल्या शीतलाईला नवस बोलले होते. मूल सुखरूप झालं तर नथ घालीन, असं सगळे बोलतात. मी तसं केलं नाही. मी आधीच नथ केली आणि तिच्या पितळी मुखवट्याच्या नाकात स्वतः घातली. माझा हिशोब सरळ होता. आधी बयाणा दिला की समोरचा शब्दाला बांधला जातो, हे मी धंद्यात शिकले होते. पाचव्या महिन्यात माझं मूल पोटातच गेलं. दवाखान्यातून घरी आल्यावर जरा चालता यायला लागलं तेव्हा पहिलं काम मी हे केलं, की देवळात गेले आणि तिथल्या गुरवीणबाईला म्हटलं, नथ काढा. ती हात जोडत राहिली. मी म्हटलं, "सौदा मोडला ना? मग बयाणा परत." शेवटी मीच हात घालून काढली.

त्यानंतर मी त्या गल्लीतून जाणं सोडलं. नथ घरी तांदळाच्या डब्यात तळाशी पुरून ठेवली. देवावरचा विश्वास उडाला असं मी म्हणणार नाही. विश्वास होता म्हणून तर भांडण होतं. जो नाहीच त्याच्यावर कोण रुसतं?

मी कांजूरमार्गच्या एका शाळेत कॅन्टीन चालवत होते. आईबापाचं काही नव्हतं. आई मी लहान असतानाच गेली. घरून डबे देत देत, मंडईत भाजीवाल्यांशी भांडत भांडत मी तिथवर आले होते. शाळेच्या मागच्या बाजूला, कंपाउंडच्या भिंतीला लागून पत्र्याची लांबट शेड होती. पुढे काउंटर, आत शेगड्या, आणि त्यामागे एक बंद कोठीची खोली, जिला खिडकी म्हणून नव्हती. दुपारी पोळीभाजीची गडबड संपली की मी त्या खोलीत चटई टाकून थोडी आडवी व्हायचे. दुसऱ्यांदा दिवस राहिल्यापासून तर ती झोप मला लागायचीच. माझ्या हाताखाली सिंधूताई होती. मालवणकडची, वयानं माझ्याहून बरीच मोठी, नातीला घेऊन एकटी राहणारी. मुलगी आणि जावई कामासाठी बाहेरगावी असत.

यंदा परीक्षांच्या तोंडावर शाळेत कांजिण्या आल्या. आधी खालच्या वर्गातली दोन-तीन पोरं, मग अख्खे बाक रिकामे. ज्या वर्गात सुट्टीत कान किटायचे, तिथे पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. जी मुलं येत होती त्यांच्या दप्तरांतून, खिशांतून कडुलिंबाचे डहाळे डोकावत. आया घालून पाठवत. काउंटरवर एखादं पोर वडापाव घ्यायला हात पुढे करी आणि मी त्या हाताकडे आधी बघे, मग पोराकडे. शाळा बंद होणार नव्हती, कारण परीक्षा होत्या. बाहेरच्यांना फाटकाच्या आत यायला मात्र बंदी झाली. वॉचमन दिवसभर कुलूप लावून बसे.

माझी डॉक्टरीण मुलुंडला बसते. तिनं विचारलं, लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का? सांगणारी आईच नव्हती. वडिलांना फोन केला तर ते म्हणाले, "कोण जाणे, पोरांना काय काय होतं."

डॉक्टरीण म्हणाली, "रक्त तपासू. आणि तोपर्यंत शाळेत पाऊल टाकायचं नाही. तुला झालं तर तुलाही त्रास आणि बाळालाही. या महिन्यात मी धोका घेणार नाही."

"मॅडम, मी काउंटरच्या आत असते. तोंडाला मास्क. परीक्षा संपू दे, मग तपासते."

"इथे घासाघीस चालत नाही," ती म्हणाली.

मी तरीही केली. कॅन्टीनचं कंत्राट एप्रिलमध्ये नव्यानं द्यायचं होतं आणि भांडुपचा एक केटरर मुख्याध्यापिकांच्या ऑफिसात खेपा घालत होता. मी महिनाभर घरी बसले असते तर माझी शेगडी त्याची झाली असती. नवऱ्यानं समजावलं, मग तो चिडला, मग गप्प बसला. माझा पाचवा महिना चालू होता. मागच्या वेळचाही तोच. आणि हे मूल अजून एकदाही हललं नव्हतं. मी रोज पोटावर हात ठेवून वाट बघायचे आणि कुणाला सांगायचे नाही.

त्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये एक विचित्र गोष्ट सुरू झाली. पोह्यांना चव लागेना. एका शिक्षिकेनं येऊन सांगितलं, "वहिनी, आमटी अगदी आजाऱ्याची वाटते." मी बघितलं तर आमटीवर तेलाचा तवंग नाही, मोहरीचा दाणा नाही. सिंधूताईनं फोडणीच दिली नव्हती. विचारलं तर म्हणाली, विसरलंय. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी माझा पारा चढला.

"सिंधूताई, पोरं पैसे देतात, पथ्याचं जेवण खायला येत नाहीत. सरका बाजूला."

"वयनी, नको ओ आज," ती म्हणाली. तिचे डोळे लाल होते. झोप नसलेल्या माणसासारखी दिसत होती. मी लक्ष दिलं नाही. पळी गॅसवर ठेवली, तेल तापवलं, मोहरी टाकली.

मोहरी तडतडली नाही. तेल तापून धूर निघाला, तरी दाणे तळाशी गप्प पडून राहिले आणि आवाज न करता काळे झाले. मी आणखी टाकली. ती पण तशीच. इतकी वर्षं स्वयंपाकात घालवली, मोहरी करपताना पाहिली, उडताना पाहिली, पण मुकी मोहरी पाहिली नव्हती. सिंधूताईनं पदर तोंडाशी नेला. मी गॅस बंद केला आणि सरळ वाण्याला फोन लावला.

"काय रे, दमट मोहरी माझ्या गळ्यात मारतोस? मी काय आज धंद्यात आले?"

तो शपथा घेत राहिला. मी त्याला हवं ते बोलले आणि फोन ठेवला. राग उतरला तसे हातपाय गळून गेले. जेवणाची सुट्टी व्हायला वेळ होता. सिंधूताई शिक्षकांचा चहा घेऊन वरच्या मजल्यावर गेली. जाताना दोनदा वळून तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, बोलले त्याचं तिला लागलं. मी ठरवलं, आज आत्ताच थोडं पडावं. कोठीच्या दाराकडे वळले.

"पोरी, थंड काही आहे का गं?"

काउंटरशी एक म्हातारी उभी होती. हिरवं, धुऊन विटलेलं नऊवारी लुगडं. चेहऱ्यावर जुन्या देवीचे खड्डे, हल्ली असे चेहरे दिसत नाहीत. मी आधी तिच्यावरच खेकसले, "आजी, आत कशा आलात? बाहेरच्यांना बंदी आहे."

"मला कोण बंदी करतंय?" ती हसून म्हणाली आणि काउंटरच्या बाजूच्या बाकावर बसलीसुद्धा. तिथे भिंतीपलीकडच्या कडुलिंबाची सावली येते.

"वडे आहेत. गरम आहेत."

"तेलातलं नको. घरात ती आली की तेल कढवत नाहीत. फोडणी देत नाहीत. तिला चटके बसतात."

"कुणाच्या घरात?"

तिनं कोठीच्या बंद दाराकडे पाहिलं. "याच घरात."

मला वाटलं, म्हातारी भ्रमिष्ट आहे. एरवी मी हाकलून दिलं असतं. पण त्या दिवशी भांडायची ताकद संपली होती. माझ्या डब्यात दहीभात होता, पोटात जळजळायचं म्हणून मी आणायचे. वाटीत काढून तिला दिला आणि म्हटलं, "हे माझं जेवण आहे, समजलं ना? कॅन्टीन आहे, अन्नछत्र नाही."

"माहीत आहे गं. तू फुकट काही देत नाहीस आणि दिलेलं सोडत नाहीस."

मी तिच्याकडे नीट पाहिलं ते तेव्हा. तिच्या नाकाला टोचलेलं होतं आणि त्यात दागिना नव्हता. कडुलिंबाची बारीक काडी घातलेली होती. गरीब घरात मुलींच्या नाकात, भोक बुजू नये म्हणून, अशी काडी घालतात. म्हाताऱ्या बाईच्या नाकात मी कधी पाहिली नव्हती.

"या वयात काडी कशाला हो नाकात?"

"नथ होती. गेली."

"चोरीला?"

"छे. जिची होती ती घेऊन गेली." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. एखादीनं आपली वाटी धुऊन परत न्यावी, तसं ती बोलली.

आमच्याकडे दुपारी वारा फिरला की कचरा डेपोचा वास येतो. इतक्या वर्षांत त्याची सवय झाली आहे, पण नसला की लगेच कळतं. त्या वेळी तो नव्हता. लिंबाच्या मोहोराचा कडवट गोड वास होता आणि गार राखेचा. अख्ख्या शाळेतून एकही आवाज येत नव्हता. मार्चचं ऊन पत्र्यावर पडलेलं, आणि माझ्या दंडांवर काटा आलेला. मला तिथून निघायचं होतं. मी म्हटलं, "तुम्ही खा, मी आत पडते जरा," आणि उठले.

"बस थोडी," ती म्हणाली.

"दमलेय मी."

"म्हणून म्हणते, बस."

मला कुणी बस म्हटलं की उभं राहायची सवय आहे. मी दाराकडे पाऊल टाकलं आणि तेवढ्यात पोटात, अगदी खाली, काहीतरी हललं. ओंजळीत धरलेल्या माशानं शेपूट हलवावं, तेवढंच. मग पुन्हा एकदा. मी मागे येऊन बाकावर बसले, दोन्ही हात पोटावर ठेवले आणि डोळे मिटले. मी रडत होते. म्हातारीचा हात माझ्या पाठीवर आला. तो हात थंड होता, माठाला हात लावल्यावर लागतो तसा. किती वेळ मी तशी बसले, मला सांगता येणार नाही. जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा डोळे उघडले. बाकावर मी एकटी होते. वाटीही नव्हती.

मुलांचा गलका जवळ येत होता, तेव्हा कोठीतून बारीक आवाज आला. "पाणी."

मी दार ढकललं आणि उंबऱ्यावरच थांबले. माझ्या चटईवर, माझी ओढणी पांघरून, सिंधूताईची नात ओवी झोपली होती. चेहरा, गळा, हात सगळे पाण्यानं भरलेल्या फोडांनी झाकलेले. उशाशी कडुलिंबाचा डहाळा होता, आणि त्याच्याजवळ माझी वाटी. रिकामी, दह्याचा एक थेंब काठावर.

मी मागे सरले. सिंधूताई चहाचा ट्रे घेऊन येत होती. माझा चेहरा पाहून तिनं ट्रे खाली ठेवला आणि तिथेच बसली.

"माझा चुकला वयनी. तिका घरात एकटी कशी टाकून येव?"

"सांगायचं नाही मला? मी रोज तिथे झोपते! माझ्या पोटात काय आहे माहीत नाही तुम्हाला?"

"आई इली हा ती. तिचा नाव घेवचा नसता. डॉक्टर करूचो नसता. आजच सकाळी तुमच्याआदी आणलंय तिका, शेजारीण गावाक गेली म्हणान. तुमी दुपारनंतर पडतास, तेच्याआदी तिका दुसरीकडे आडोशाक नेतलंय असा वाटला."

म्हणजे फोडणी ती मुद्दाम देत नव्हती. घरी देवी आलेली, म्हणून तिच्या हातानं कुठेच तेल कढणार नव्हतं, माझ्या कॅन्टीनमध्येही नाही. एवढं मला समजलं. मी एवढी ओरडले की वर्गांच्या खिडक्यांतून माणसं डोकावली. मग मला एकदम वाटीची आठवण झाली. ओरडणं थांबवून मी विचारलं, "तिला दहीभात कुणी भरवला?"

सिंधूताई म्हणाली, तिच्या तोंडात दोन दिवस अन्नाचा कण नाही, दात घट्ट मिटते. मी दारातूनच ओवीला विचारलं. तापलेल्या डोळ्यांनी तिनं माझ्याकडे पाहिलं. "आजीनं," ती म्हणाली. "काडीवाल्या."

फाटकावर वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "भाभी, सुबह से ताला है. चाबी मेरे गले में है." कोठीला मागच्या बाजूनं एक बारीक दार आहे, गॅसची टाकी आत घ्यायला. त्यातून म्हातारी गेली असेल, भिंतीला कुठे फट असेल, तिथून आली असेल. मी त्यावर वाद घालत नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर तीच मोहरीची पिशवी उघडली आणि नवऱ्यासमोर चिमूटभर तेलात टाकली. तडतडून कट्टाभर उडाली. त्यावरही वाद घालत नाही. वाण्याला मात्र दुसऱ्या दिवशी फोन करून म्हटलं, "मोहरी ठीक आहे रे." तो घाबरून गेला. माझ्या तोंडून असं त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

त्याच दुपारी मी मुलुंडला गेले होते. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा कळलं, माझ्या अंगात कांजिण्यांशी लढायची ताकद मुळीच नव्हती. डॉक्टरणीनं कांजिण्या अडवायचं इंजेक्शन दिलं. म्हणाली, "दारात क्षणभर उभी राहिलीस, ते निराळं. त्या बंद खोलीत तिच्या शेजारी झोपली असतीस, तर मी आज तुझ्याशी वेगळं बोलले असते." मग तिनं विचारलं, "रोज झोपतेस ना तिथे? त्या दिवशी कशी नाही झोपलीस?" मी म्हटलं, "कुणीतरी बस म्हणालं."

पुढचे काही आठवडे घरी बसून, अंगावर फोड येतात का, याची वाट बघायची होती. रोज सकाळी नवरा मोबाइलचा उजेड पाडून माझी पाठ तपासायचा. मी भिंतीकडे तोंड करून उभी असायचे आणि सवयीनं मनात बोलणी सुरू व्हायची: हे एवढं निभावून ने, मी तुला... आणि पुढचा शब्द सुचायचा नाही. काय देऊ? जे देण्यासारखं होतं ते मीच काढून आणलं होतं. आणि समोरचीनं न मागता आधीच काहीतरी देऊन टाकलं असेल तर भाव कुठून सुरू करायचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. एके सकाळी मी थकून एवढंच म्हटलं, "तुझं तू बघ." त्या दिवशी पहिल्यांदा मला गाढ झोप लागली.

कंत्राट भांडुपच्या केटररला गेलं. मुख्याध्यापिकांचा फोन आला तेव्हा नवरा माझ्या तोंडाकडे बघत होता, आता ही काय बोलते म्हणून. मी म्हटलं, "बरं." फोन ठेवल्यावर रागानं मी दोन कांदे विनाकारण चिरले, ते खोटं कशाला सांगू. पण भाव न करता मी काही सोडलं, ते आयुष्यात पहिल्यांदाच.

मला कांजिण्या आल्या नाहीत. ओवी बरी झाली. अंगावरच्या खपल्या पडल्यावर सिंधूताई तिला घेऊन दाराशी आली, आत यायला घाबरत. हातात दहीभाताचा डबा, देवी गेल्यावर वाटतात तो. मी तिला चार शब्द सुनावले, तेही चांगलेच लागणारे. तिनं मान खाली घालून ऐकले. मग मी डबा घेतला आणि म्हटलं, "आत या. आणि पोरीला डॉक्टरला दाखवलं का?" दाखवलं होतं.

सातव्या महिन्यात, मूल अजून पोटात असताना, पुढे काय होणार हे माहीत नसताना, मी तांदळाचा डबा उपसला. नथ घेतली आणि शीतलाईच्या गल्लीत गेले. गुरवीणबाईनं मला लांबूनच ओळखलं. तिचा हात आपोआप मुखवट्यापुढे आडवा झाला.

"आता काय मागायला आलीस?"

"काही नाही."

"मग कसला नवस?"

"नवस नाही. तिची आहे, तिला घाला."

"आणि उद्या परत मागितलीस तर?"

"नाही मागणार. मूल राहिलं तरी नाही आणि नाही राहिलं तरी नाही."

हे वाक्य बोलायला मला फार जड गेलं. ती बाजूला झाली. "थांब, आधी ते काढते," म्हणाली. मी पुढे वाकले. मुखवट्याच्या नाकात, जिथून मी नथ ओढून काढली होती तिथे, कडुलिंबाची बारीक काडी घातलेली होती.

"तू नेलीस त्या दिवसापासून घातलीय," गुरवीणबाई म्हणाली. "सारखा शेंदूर बसतो, भोक बुजून गेलं असतं. म्हटलं, कुणी घालायला आलंच तर?"

मी खाली बसले आणि तिनं काडी काढून नथ घालेपर्यंत तशीच बसून राहिले.

माझी मुलगी आता रांगते. मी लिहितेय आणि ती डब्यांची झाकणं वाजवतेय. पहिल्या मुलाबद्दल मी देवीला अजून विचारते. त्याचं उत्तर मिळालेलं नाही आणि ते भांडण मी मागे घेतलेलं नाही. पण आता मी तिच्याशी भांडते ती घरातल्या माणसाशी भांडावं तशी. गिऱ्हाईक म्हणून नाही. मला एवढंच समजलं आहे, की मी सगळं ओढून नेलं तरी तिनं माझ्यासाठी जागा बुजू दिली नव्हती. त्याचे आभार कोणत्या शब्दांत मानावे हे मला येत नाही. घरून डबे पुन्हा सुरू केलेत, सिंधूताई हाताशी आहे. रोज सकाळी पळीत तेल तापतं, मी मोहरी टाकते आणि ती तडतडेपर्यंत आम्ही दोघी काही बोलत नाही.